कोकिळाची सही

—तसं नाही गं, मी काही चौकशी करत नाही, मला ती सवयच नाही. तू आधी बस. त्या बंदूकवाल्या भाऊलाही सांग ओट्यावर सावलीत बसायला, आखाजीचं ऊन आहे, बिचाऱ्याची टोपी तापली असेल. पाणी घे, माठातलं आहे. तर मी काय सांगत होते — भागाबाई. परवा चक्कीवर भेटली. लाईट गेलेली, आम्ही सगळ्या आपापले डबे धरून बसलेलो, आणि ती माझ्या कानाशी येऊन म्हणते कशी, "कुंदाबाई, आयकं का? आपली कोकिळानी भाऊले हक्कसोडनी सही करी दिनी म्हने, पन—" आणि आली लाईट! चक्की सुरू! तिचं तोंड हलतंय आणि मला ऐकू येतंय नुसतं घर्रर्र. माझं दळण होईस्तोवर ही बाई निघून गेलेली, धुळ्याची बस धरायची होती तिला, लेकीकडे. फोन लावला तर बंद. तेव्हापासून ते अर्धं बोलणं पोटात घेऊन फिरतेय मी. खरं का खोटं तेवढं सांग — नाही, थांब, सांगू नकोस. आधी माझं ऐक. तू बोलायला लागलीस की माझं राहून जातं.

आता तुला आमदारीणबाई म्हणू की कोकिळा? बाहेर लोक तुला ताईसाहेब म्हणतात, म्हणू दे. मी या गल्लीत लग्न होऊन आले तेव्हा तू दोन वेण्या घालून आमच्या कुंपणातल्या कैऱ्या पाडायचीस, आणि तुझे वडील, जीवराम आप्पा, तुला रागवायच्या ऐवजी मलाच म्हणायचे, सूनबाई, पोरीची जात आहे, पडेल, तुम्ही पाडून देत जा. तर त्या कोकिळाला मी विचारतेय, आमदारीणबाईंना नाही. मागच्या वर्षी तू अधिवेशनात बोललीस ना, तेव्हा अख्खी गल्ली आमच्या घरात होती, सुनेच्या मोबाईलवर. रेंज जायची, तुझं तोंड उघडंच राहायचं, परत यायची. पण ऐकलं. तू म्हणालीस, अध्यक्ष महाराज, आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात, आणि त्याच आठवड्यात भाऊ त्यांना गाडीत घालून रजिस्ट्री ऑफिसात नेतात. साडी नेसवायची आणि बापाच्या वावरावरचा हक्क सोडवून घ्यायचा. बाईला एकटीला बसवून विचारा, भावासमोर विचारू नका. समोरच्या बाकांवरचे हसले, तरी तू थांबली नाहीस. मग ते परवान्याचं काढलंस — बाजारात शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या वारला की अडतीचा परवाना पोराच्या नावावर, मग बापाच्या आजारपणात पोरीनेच दुकान का सांभाळलेलं असेना. धंद्याचे नियम करताय तर त्यात पोरगीही वारस धरा, असं. ते मला नीटसं कळलं नाही, पण तू बोलत होतीस म्हणून टाळ्या वाजवल्या. आमच्या यांनी विचारलं, तुला काय कळलं गं? म्हटलं, बठ्ठं, सगळंच. आणि झालं काय त्याचं? मंत्री म्हणाले तपासून घेऊ. तपासतायत अजून. तपासू दे. तुम्ही तिथे बोलता, चहा पिता, दुसऱ्या विषयाला लागता — इथे आम्ही ते ऐकून बसलेलो असतो ना!

माझंच सांगते. आता विषय निघालाच आहे तर. त्या भाषणानंतर महिन्याभरात आखाजी आली. माझा भाऊ निंबा न्यायला आला असोद्याहून, दरवर्षी येतो तसा. भावजयीने आमरस काय, खापरावरची पुरणपोळी काय, जांभळी साडी काय! मी आपली खूश. दुसऱ्या दिवशी म्हणतो, अक्का, जळगावला जाऊन येऊ, एवढी एक सही आहे. गेलो. तिथला साहेब मान वर न करता विचारतो, बाई, राजीखुशीने देताय ना? आणि निंबा माझ्या पाठीशी उभा, खांद्यावर हात ठेवून. प्रेमानेच ठेवला होता गं, खोटं का बोलू. पण मला तू आठवलीस. आणि तोंडातून निघालं — नाही. चांगलं मोठ्याने निघालं, रांगेतली माणसं वळून बघायला लागली. निंबाने तिथूनच मला स्टँडवर आणून सोडलं. दरवेळी बसमध्ये चढून माझी पिशवी वर ठेवतो, त्या दिवशी खाली मातीत ठेवली आणि गाडी वळवली. झालं. राखी पोस्टाने पाठवली, पोचली का तेही कळलं नाही. मोनालीचा, माझ्या सख्ख्या भाचीचा साखरपुडा झाला तो मला बाजारात असोद्याच्या एका भाजीवालीकडून कळला. मी म्हटलं, हो हो, माहीत आहे की! आणि वांगी न घेताच घरी आले.

यंदा आणायला कोणी आलं नाही. लग्न झाल्यापासून पहिली आखाजी मी सासरी आहे. गल्लीतल्या सुना गेल्या, लेकी आल्या, तो बघ लिंबाला झोका बांधलाय, सकाळपासून गाणी चाललीत. मी खिडकी लावून घेतली. म्हणजे तेवढी ही एक उघडी ठेवली. तर तिच्यातून मला काय दिसावं? दीपकची गाडी. तुझा भाऊ स्वतः तुला घेऊन आला. तू उतरलीस, त्याने तुझी बॅग उचलली, आणि हसत होता. आता मला सांग, सही न देणाऱ्या बहिणीची बॅग कोणता भाऊ उचलतो? मला विचार ना! मी म्हटलं, झालं, भागाबाई खरंच बोलत होती. हिने तिथे मोठमोठं सांगितलं आणि इथे गुपचूप सही करून माहेर ठेवून घेतलं. आणि माझं माहेर गेलं! रडले नाही, राग आला. इतका राग आला की — हे तुला सांगणार नव्हते मी — लगेच निंबाला फोन लावला. म्हटलं, ये न्यायला. करते सही. कोकिळानेच केली तर मी कोण लागून गेले? त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? मग म्हणाला, "अक्का, तयार राहा, निघालोच." अक्का म्हणाला गं. वर्षभराने म्हणाला. पोळी तव्यावर जळाली, मला वासही आला नाही.

तर तो निघालाय. आता सांग. केलीस सही?

केलीस! बघ! मी म्हटलं नव्हतं? सगळी — काय? हळू सांग, पहिल्यापासून सांग. घराची केलीस. फक्त घराची. तुझ्या आई, आमच्या काकू, तिथे राहतात आणि दीपकने आप्पांचं शेवटचं सगळं केलं म्हणून. बरं. हे कोणी सांगितलं तुला, दीपकने? तूच? एकटी गेलीस, त्याला बाहेर बसवून. आणि आप्पांचं अडतीचं दुकान? दुकान नाही सोडलंस. परवान्यावर दोघांची नावं. आणि त्याला चाललं ते? — नाही ना! मी तेच म्हणते, कसं चालेल! दिवाळीपासून बोलत नव्हता? तुझ्याशी? तू आमदार असून? मग ती बॅग, ते हसणं — काकूंनी हाकलला होय त्याला, जा बहिणीला घेऊन ये म्हणून. आणि हसत होता तो मला खिडकीत बघून? चल, काहीतरीच.

म्हणजे भागाबाईचं अर्धंच खरं. पण मग कोकिळा, हे तिथे नंतर तरी का नाही बोललीस? एवढं सगळं बोललीस, कायदे, कलमं, अध्यक्ष महाराज, आणि हे एवढंसं का नाही? की हे देते, ते ठेवते असंही म्हणता येतं बाईला, आणि भाऊ रुसतो, आणि वेळ लागतो — हे का नाही सांगितलंस? मी आपली समजत बसले, एक तर साडी नाही तर वावर. मला काय केळी लावायचीय का तिथे जाऊन? पण सातबाऱ्यावर बापाच्या नावाखाली माझं नाव आहे. साखरपुड्याला बोलावत नाहीत मला, नाव काढायला तेवढं बोलावतात. आणि मला तोही पाहिजे गं, निंबा. दोन्ही पाहिजे. हावरट म्हण हवं तर.

सरक जरा, फोन दे तो. धरणगाव ओलांडलं असेल आता त्याने. — हॅलो, निंबा? कुठपर्यंत आलास? हां, हां, तयार आहे मी. ऐक ना. आज ये, जेव इथे, पुरण घातलंय. उद्या त्या ऑफिसात नको जायला. नाही रे, नाही म्हणत नाही मी, ऐक तर खरं — घराची देते सही, घर तुझंच, आईला तूच सांभाळतोस, माझं काही म्हणणं नाही. वावराचं तेवढं राहू दे. दोघांच्या नावावर राहू दे, पिकव तूच, मला काही — निंबा? हॅलो? निंबा?

रेंज नसते तिथे. त्या नाल्याच्या पुढे नेहमी जाते.

तू काय बघतेस माझ्याकडे? ऊठ. काकू जेवायच्या थांबल्या असतील, आणि तो बंदूकवाला भाऊ घामाने भिजलाय. जा म्हटलं ना. आणि दार ओढून घे जाताना.