एक वाजून चाळीस मिनिटांची नोंद

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या पुठ्ठा कारखान्याच्या व्यवस्थापक आदरणीय मंदाकिनीताई, सत्कारमूर्ती श्री. हिंमतराव काळभोर, त्यांच्या शेजारी बसलेल्या मुक्ताईवहिनी, बॉयलर हाऊसमधले माझे जुने सोबती, आणि मागे बटाटेवड्यांचा घाणा सुरू झाल्यापासून ज्यांचं लक्ष तिकडे आहे असे सर्व सज्जनहो,

मी अनंत दिवेकर. दोन वर्षांपूर्वी याच सभागृहात शाल घेऊन निवृत्त झालो. आज निरोप हिंमतरावांना आहे आणि माइक माझ्या हातात आहे. का आहे, हे मला चार दिवसांत कळलेलं नाही. कार्यालयातले केयूर म्हणाले, "सर, फक्त पाच मिनिटं, आणि प्लीज लाइट ठेवा." प्रयत्न करतो, हमी देत नाही.

नवीन मंडळींसाठी सांगतो. मी बॉयलरवर पहिल्या पाळीला, हिंमतराव दुसऱ्या पाळीला. दुपारी दोनला मी पाळीची वही त्यांच्या हातात द्यायचो. पाण्याची पातळी किती, दाब किती, काय तपासलं, काय बिघडलं, सगळं त्यात. ते वाचायचे, सही करायचे, म्हणजे बॉयलरचा ताबा त्यांच्याकडे. सव्वीस वर्षं आमचं बोलणं बहुतेक त्या वहीतच झालं.

तर निवृत्त झाल्यावर मी जाहीर केलं की पुस्तक लिहिणार. बॉयलरवरच्या आयुष्याचं. खडकी बाजारातून दोन रजिस्टरं आणली, खिडकीशी टेबल लावलं, घरच्यांना टीव्हीचा आवाज कमी करायला लावला. सात महिन्यांत किती लिहिलं असेल? अर्पणपत्रिका. तीही दोनदा खोडलेली. लोक म्हणतात प्रेरणा हवी. अहो, रोज सकाळी नऊ ते बारा वाट बघितली, ती काही फिरकली नाही.

एकदा हिंमतराव गेटवर भेटले. मी रड लावली. ते म्हणाले, "दिवेकर, तुमाला लिहायची सवयच न्हाय. तुमाला ताबा द्यायची सवय हाय. सोमवारी दोनला वही घेऊन गेटवर या."

गेलो. आणि काय सांगू, लिहायला लागलो! सोमवारी दोनला कोणीतरी वही मागणार आहे, एवढं पुरलं. ते वही न्यायचे आणि पुढच्या सोमवारी लाल पेनानं शेरे मारून परत द्यायचे. शेरे कसे? "पान तीन. सूर्योदय कशाला? कामावर या." "पान अकरा. एवढे शूर आपण नव्हतो." माझी मुलगी ऋतुजा म्हणाली, "बाबा, असा संपादक पैसे देऊनही मिळायचा नाही." वर्षभरात एकशे बारा पानं झाली.

पुढचं बोलणं या कागदावर नाही. कागदावर त्यांच्या वक्तशीरपणाचे दोन परिच्छेद आहेत, ते राहू देत.

एकशे तेराव्या पानावर मी लिहिलं होतं, "त्या दिवशी बॉयलर हाऊसमध्ये एक लहानसा अपघात झाला." वही परत आली. शेरा होता, "लहानसा कोणाला?"

मी ते पान पाच वेळा लिहिलं. पाचही वेळा तोच प्रश्न खाली. मग लिहिणंच बंद केलं. तीन महिने झाले. हिंमतरावांनीही वही मागितली नाही. मंगळवारी घरी आले, पत्रिका दिली आणि म्हणाले, "भाषण तुमीच करायचं. लिहायला जमंना ना, मग बोलून बघा. बोललेलं मागनं उतरवता येतंय." चहा पिऊन गेले. याचा मी काय अर्थ घ्यायचा? यांना माहीत आहे? माहीत असेल तर वर्षभर माझ्याकडून पुस्तक का लिहून घेतलं? आणि माहीत नसेल, तर नेमका तोच प्रश्न का? मी त्यांच्याकडे बघतोय, आणि आत्ताही मला काही कळत नाहीये. ते उपरण्याची घडी घालतायत.

असो. बोलून बघतो.

एकोणीस वर्षांपूर्वीची जुलैमधली गोष्ट. बिबवेवाडीतल्या एका शाळेत लेखन शिबिर होतं, तीन वाजता. मला लेखक व्हायचं होतं. दोनला सुटून वेळेत पोचायचं म्हणजे आधीच आवरून बसायला हवं. पाण्याची पातळी दाखवणारी काच प्रत्येक पाळीत उघडून, वाफ सोडून तपासावी लागते. अर्ध्या तासाचं काम नाही, दहा मिनिटांचं. मी ते केलं नाही. कपडे बदलले आणि वहीत लिहिलं, "१.४०. काच तपासली. ठीक." सही, अनंत दिवेकर.

दोन वाजता हिंमतरावांनी माझ्या सहीखाली सही केली. थोड्या वेळानं त्यांनी काच उघडली, ती फुटली आणि वाफ त्यांच्या उजव्या हातावर आली. मी तपासली असती तर काचेतला दोष माझ्याच पाळीत कळला असता. तो हात आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्या वेळी मी बिबवेवाडीत पहिल्या बाकावर होतो. तिथले सर सांगत होते, अनुभवाशी प्रामाणिक राहा. मी ते उतरवून घेतलं.

चौकशी झाली. मला विचारलं, काच तपासली होती का? मी म्हणालो, वहीत आहे तसंच. मग पहिल्या पाळीत काच ठीक होती म्हटल्यावर दोष दुसऱ्या पाळीचाच ठरला. हिंमतराव बढती मिळून चार्जमन, म्हणजे पाळीचे प्रमुख, व्हायचे होते. ते झाले नाहीत. आज ज्या पदावरून ते निवृत्त होतायत, त्याच पदावर तेव्हाही होते. ते माझ्यामुळे.

मंदाकिनीताई, ती नोंद खोटी आहे. चौकशीचे कागद अजून असतील तर त्यात हे घालावं. मी लेखी देतो, कुठे सही करायची ते सांगा. वहिनी, आपण माझ्याकडे बघत नाही आहात. बरोबर आहे. तीन महिने आपण त्यांना हातानं भरवत होतात आणि मी मोसंबी घेऊन बघायला येत होतो. शरम वाटते, वहिनी. तेव्हाही वाटत होती. तरी येत होतो.

केयूर, घड्याळ दाखवू नका, संपवतो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आयोजकांनी मला बोलावलं, त्याबद्दल मनापासून आभार. आता भाषणाच्या शेवटी बोलण्यात काही कमी-जास्त झालं असल्यास माफ करा, असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या बोलण्यात आज काही कमी राहिलं नाही. जे चुकलं ते एकोणीस वर्षांपूर्वी चुकलं, आणि त्याची माफी मी हिंमतरावांकडे मागतो. पण हिंमतराव, एवढ्या माणसांसमोर मागितल्यावर तुम्हाला "दिली" म्हणावंच लागेल. म्हणून आत्ता काही बोलू नका. घरी जा, वहिनींशी बोला. नाही म्हणालात तरी चालेल.

आणि मंडळी, कृपा करून टाळ्या वाजवू नका.