तीनशे बारा शेरे

ऑस्ट्रेलियातल्या वागा गावच्या पोस्टात पार्सलांची रांग लागली होती. माझ्या पुढे छापील कागदांची चळत घेतलेला डेस्मंड आणि त्याच्या पुढे ऑनलाइन जुन्या किटल्या आणि बूट विकणारी मर्ल.

“मर्ल, आज बोलिंग क्लबची निवडणूक. अध्यक्षपदाला उभा राहिलोय. हे वाचून दाखवणार. तीनशे बारा ऑनलाइन विक्रेत्यांचे शेरे, आणि माझ्याबद्दल एकही वाईट नाही!”

“अरे डेस्मंड, गिऱ्हाइकाला वाईट शेरा द्यायची आम्हाला सोयच नाही.”

“काहीतरीच!”

“तू आम्हाला एक तारा देऊन मोकळा होतोस. आम्हाला फक्त कौतुकाचं बटण.”

“मग हे ‘उत्तम गिऱ्हाईक’?”

“मी रोज वीस जणांना तेच चिकटवते. परवा एकाने बूट घालून लग्नात नाचून घेतलं आणि परत पाठवले. तोही उत्तम.”

“म्हणजे सगळे खोटे? अगं, पण ही डबो गावची विक्रेती बाई लिहिते, ‘तुम्हाला जन्मात विसरणार नाही.’”

“तिच्याकडून काय घेतलं होतंस?”

“टोस्टर. तीनदा परत केला.”

“मग ते तिनं अगदी मनापासून लिहिलंय.”

“बघ! सभेत तेवढं एकच वाचतो.”