रेघांतली आई

अगं, चंदीगडच्या आमच्या प्रदर्शनात काय झालं सांगते. आईच्या फोटोवर काळ्या-पांढऱ्या नागमोडी रेघा चढवून मी स्क्रीनप्रिंट केला होता. फक्त दहा प्रती, मग छपाईची स्क्रीन धुऊन टाकली, म्हणजे आणखी निघायच्या नाहीत. चेहरा लांबूनच दिसतो, आणि आई नेमकी चष्मा लावून नाक टेकवायला गेली.

"यात मी कुठाय गं?"

तेवढ्यात तिच्या शेजारी उभे असलेले एक सरदारजी त्या रेघा बघून गरगरले आणि त्यांनी भिंत धरली. मी किंचाळलेच.

"ओरडतेस काय, पाणी आण!" म्हणत आईनं त्यांना समोरच्या बाकावर नेऊन बसवलं, स्वतःही बसली.

पाणी पिऊन त्यांनी वर पाहिलं. "ओ जी, ये तो आप हो!"

आईनंही पाहिलं. बराच वेळ. मग हळूच म्हणाली, "मी इतकी दमलेली दिसते?"

तिनं पर्स उचलली. "चल, पोळ्या व्हायच्यात."

"बैठे रहो बहनजी," सरदारजी म्हणाले, "चक्कर तो मुझे आया, पर आराम की ज़रूरत आपको है."