तळाचा सा

लेकीचं नाव घालायला टिळकवाडीच्या संगीतवर्गात आलेली शाल्मली बाकावर थांबली होती. शेजारी पाश्चात्त्य संगीताच्या लेखी परीक्षेला आलेली सौम्या आणि तिचे वडील, आप्पा, बोलत होते.

"मागच्या बारीला कुठं चुकलीस गं?"

"चार आवाजांसाठी सा, ग, प मांडायचे होते. पहिल्या इन्व्हर्शनमध्ये, म्हंजे सूर खालवर फिरवून मांडताना, ग तळाला लागतोय. मी सगळीकडं तळाला सा-च घातला."

"मग? सा तळालाच असतोय की! भजनात पेटीवर मी जलमभर तसाच धरलाय."

"तुमच्या मांडीवर बसूनच शिकले न्हवं. हात आपसूक तिकडंच जातोय."

"म्हंजे माझ्यापायी नापास झालीस व्हय?"

"तसं न्हाय हो, आप्पा."

"तसंच हाय. आणि ग खाली आला की सा जातोय कुठं?"

"वरच्या आवाजात. जात न्हाय कुठं."

"मग बरं हाय."

"ह्या बारीला बी गेलं तर आई माझा वर्ग बंद करणार म्हणतीया."

"ठावं हाय."

आतून सौम्याचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, पण दारापाशी थबकली.

"आप्पा, कायतरी सांगा की."

"काय सांगू? तासभर मला इसर, जा."