गाडीचा मुंढा

नाही, मला एक सांगा, गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या काखेत प्लास्टिकची कातरण निघाली तर नाव कोणाचं खराब होतं? माझं! आणि कातरण कोणाची? आमच्या ह्यांची. ती बाई आरशासमोर हात वर करून उभी, मी तोंडात टाचण्या धरलेल्या, आणि ती म्हणते, "ताई, काखेत टोचतंय." काखेत घट्ट होतंय, हे मी रोज ऐकते. टोचतंय, हे नवीनच! मी आपलं नेहमीचंच म्हटलं, ठेवून जा, गुरुवारी या. दुसरं काय सांगू? आमच्या घरात सध्या सगळंच टोचतं. उशी टोचते, पायपुसणं टोचतं, परवा तर एक कातरण माझ्या दातात... शी!

तुम्हाला सांगते, ह्यांना रिमोटच्या गाड्यांचा नाद. खेळणं म्हटलेलं चालत नाही हं, दोन दिवस अबोला धरतात. खाली मोटर, तारा, चाकं, आणि वरून चढवायची प्लास्टिकची बॉडी, म्हणजे गाडीचा अंगरखाच की. दुकानातून येते तेव्हा काचेसारखी आरपार असते. तिला आतून रंग द्यायचा आणि मग रेषेवरून कडेचं जादा प्लास्टिक कापून टाकायचं, चाकांसाठी कमानी कापायच्या. ऐकायला किती सोपं! रंगाचा वास न्हाणीघरातून अजून गेला नाही, साबण निळा झालाय, आणि ती निळी वडी मी तोंडाला लावायची.

बरं, कापायचं कशाने, तर माझ्या कात्रीने. अहो, त्या कात्रीने कोणी कागद कापला तर मी त्या माणसाला पाणी विचारत नाही. हे म्हणतात, "अगं, पातळच तर आहे." असेल पातळ. पण कापड ऐकून घेतं हो, प्लास्टिक ऐकत नाही. कापडावर कात्री चुकली तर चुणी घाला, ठिगळ द्या, नाहीतर वर खिसा शिवून मोकळ्या व्हा, कोण विचारतंय? ह्यांनी कोपऱ्यात कात्री खुपसून वळवली मात्र, कडाड... चीर थेट गाडीच्या टपापर्यंत! बॉडी गेली, कात्रीची धारही गेली.

एवढ्यावर संपलं असतं तर मी बोललेही नसते. पण रविवारी शर्यत, आणि बॉडी नसेल तर गाडी उतरवूच देत नाहीत. शर्यतीत माझे धाकटे दीर असतात, ते नेहमी पहिले. आणि आमचे हे आजवर एकदासुद्धा शेवटच्या फेरीपर्यंत पोचलेले नाहीत. कधी तार निघते, कधी चाकच निघून पुढे पळतं. दिरांचा फोन आला. "वहिनी, दादाच्या गाडीला या वेळी तरी कपडे आहेत का, की उघडीच येणार?" हे शेजारीच बसले होते. उठले, दुसरी बॉडी आणली, रंगवली आणि माझ्या मशीनवर ठेवली. म्हणाले, "तूच काप. माझ्या हातून पुन्हा चीर जाईल."

आता असं म्हटल्यावर बाई काय करणार?

बसले. कात्रीला धार लावून आणली आणि अख्खी दुपार बसले. कापताना ते प्लास्टिक असं किंचाळतं की दात आंबतात. कातरणी विंचवाच्या नांगीसारख्या वळतात, हाताला चिकटतात, झटकल्या की दुसऱ्या हाताला. शी, शी! कापड ऐकून घेतं हो, प्लास्टिक ऐकत नाही. पण कोपरे गोल घेतले, कुठे चीर जाऊ दिली नाही. आणि चाकांच्या कमानी? त्यात काय, शर्टाला बाही लावायला काखेचा गोल मुंढा कापायचा तसाच की! टेबलावर गाडीला चढवून बघितली, चाकं सरळ, बॉडी अगदी बेतात. हे बघतच राहिले.

मैदानावर गाड्या सुटल्या आणि ह्यांची पुढे. दिरांच्याही पुढे! मी खुर्चीवरून उठले. तेवढ्यात वळण आलं... खर्रर्र! चाक वळलं ते कमानीला अडकलं, गाडी सरळ गवतात. उचलून आणली, पुढचं वळण, पुन्हा खर्रर्र, पुन्हा गवत. दिरांची शर्यत जिंकूनसुद्धा झाली. ते आले, वाकून गाडीच्या कमानीवर बोट फिरवलं. "वहिनी, ही बोटभर जादा पट्टी कसली?"

कसली म्हणजे? माया नको का सोडायला? जन्मभर कापतेय, बोटभर माया सोडल्याशिवाय माझी कात्री चालतच नाही. माणसाचं अंग भरतं, कपडा आटतो, पुढेमागे उसवायची वेळ आली तर?

"वहिनी, गाडीचं अंग भरत नाही."

सगळं मैदान हसलं. हे नाही हसले. रिमोट हातात घट्ट धरून उभे. गाडी पुन्हा रस्त्यावर ठेवली आणि बैलगाडी वळवावी तशी लांबून लांबून वळवत निघाले. खर्रर्र, खर्रर्र. बाकीचे सामान आवरायला लागले, कोणी खुर्च्या उचलल्या, माझ्याखालचीही नेली. पण शेवटची फेरी झाली हो! सगळ्यांच्या मागून, पण झाली.

मग घामाघूम होऊन माझ्याकडे आले. मला वाटलं, आता बोलतील. बॉडी माझ्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर, जगातल्या यच्चयावत गिऱ्हाइकांसारखं तोंड करून म्हणाले, "छान झालीय. फक्त काखेत जरा सैल कर."

म्हणजे पुन्हा ते किंचाळणं, पुन्हा त्या नांग्या, पुन्हा पिठात, उशीत, दातात... शी!

म्हटलं, ठेवून जा. गुरुवारी या.