गुरुवारपर्यंतचं माणिक

दिलिनीचं लग्न मोडलं. श्रीलंकेतल्या रत्नपुऱ्यात खडेतपासणीच्या रांगेत तिची आई आणि मुलाचा बाप, खड्यांचे व्यापारी धनपाल मुदलाली, भांडत होते. मागे आपला खडा घेऊन उभी सोमलता ऐकत होती.

"मुदलाली, अंगठीत माणिक सांगितलंत, निघालं स्पिनेल, माणकासारखं दिसणारं स्वस्त."

"लाल आहे ना, अक्का?"

"माणिक फिरवलं की लाल रंगाच्या दोन छटा दिसतात. हे मेलं कुठूनही एकसारखंच."

"माझा मुलगाही तसाच. तेव्हा आवडला होता."

"माझ्या माणकाने घासलं, तर ओरखडा पडला याच्यावर."

"साखरपुड्याचा खडा ओरबाडलात?"

"सगळ्या पाहुण्यांसमोर. लग्न नाही म्हणजे नाही."

मुदलाली तपासनिसाच्या खिडकीशी वाकले.

"महोदय, लग्नाचा मुहूर्त गुरुवारचा असल्याने तोपर्यंत स्पिनेल हे माणिक समजण्यात यावे, ही नम्र विनंती."