आप्पा आणि कॉफीचं मशीन

न बिघडलेलं मशीन दुरुस्त करायला माणूस बोलावलाय कधी? मी बोलावलाय. जुईनगरच्या घरी एस्प्रेसो मशीन आणलं. बटण दाबलं, घुर्रर्र आवाज सुरू झाला आणि तीन-चार सेकंदांत माझ्या वडिलांनी, आप्पांनी, भिंतीवरचा स्विच बंद केला.

"पंप चालू हाय आन् पाणी न्हाई. जळंल."

आप्पा तीस वर्षं कंपनीत पंप ऑपरेटर होते. तीनदा हेच झालं. शेवटी मलाही मशीन खराब वाटायला लागलं, म्हणून तक्रार केली.

टेक्निशियन म्हणाला, "काका, मशीन आधी हळूहळू पाणी सोडून पावडर भिजवतं. तोवर कपात काही येत नाही. कोरड्या पावडरीवर एकदम प्रेशर दिलं तर पाणी एकाच जागेतून वाट काढतं आणि कॉफी पाणचट होते."

"बरोबर हाय," आप्पा म्हणाले. "आमी बी पंपात आधी पाणी भरायचो, मगच चालू करायचो."

टेक्निशियन खूश झाला. त्याने बटण दाबलं. घुर्रर्र. एक, दोन, तीन. खट्. स्विच बंद.

आम्ही दोघं आप्पांकडे बघायला लागलो. आप्पा स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"मला कळलंय रं," ते म्हणाले. "ह्याला कोण सांगणार?"